तुमचा उजवा घोडा

मामा,

परवा तुमच्या तेराव्याला मी पट चुकीचा मांडला.

तुमच्या फोटोपुढे, समईच्या बाजूला, तुमचा तो सागवानी पट ठेवावा आणि त्यावर सगळी मोहरी मांडावीत, ही कल्पना माझीच. तुमची लेक मीनाक्षी म्हणाली होती, "राहू द्या, वाध्यार काय म्हणतील." मी म्हटलं, त्यांना काय कळतंय. त्यांना खरंच काही कळलं नाही. विधी उरकून, दक्षिणा घेऊन ते निघूनही गेले. कळलं ते तुमच्या बुद्धिबळाच्या सभेतल्या आठ जणांना. सगळे धुतलेली वेष्टी नेसून वेळेवर आले, ओळीनं उभे राहिले, आणि फोटोकडे न बघता पटाकडे बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. मीही जरा मान खाली घालून गहिवरून घेतलं.

मग वरदन सर पुढे वाकले. तुम्हाला माहीत आहे ते कसे वाकतात ते, आधी चष्मा येतो आणि मागून सर येतात. म्हणाले, "उजव्या हाताला काळं घर आहे."

तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट ही. पट ठेवताना आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर. त्यानंतर तुम्ही मला जे जे शिकवलंत ते मी विसरलो असेन, पण ही एक गोष्ट चौदा वर्षं पाठ होती. आणि नेमकं त्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांदेखत, तुमच्या फोटोसमोर मी पट आडवा ठेवला होता. वर शहाणपणानं वजीर ज्याच्या त्याच्या रंगाच्या घरात बसवले होते. त्यामुळे राजा आणि वजीर एकमेकांच्या जागी गेले होते.

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. पण आठही म्हातारे हसले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. मीनाक्षी पायसाची पळी हातात घेऊन बाहेर आली, काय झालं ते बघायला. तिला सांगितलं तर तीही हसली. तेरा दिवसांत घरातलं ते पहिलं हसू. बरं वाटलं. माझ्या चुकांचा या घराला एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

मात्र वरदन सर हसता हसता एक वाक्य बोलून गेले. "राजाच डावीकडे गेला की हो. म्हणजे त्याचा घोडा माझ्या बाजूला आला." सरांनी चष्मा काढून वेष्टीच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

तुमच्या सभेचे नियम तुम्हाला मी काय सांगणार. पण मला ते एकदा माझ्या शब्दांत म्हणून बघायचे आहेत, कारण तुम्ही सांगत असायचात तेव्हा माझं निम्मं लक्ष कॉफी कुठवर आली याच्याकडे असायचं.

पांढऱ्या बाजूला खेळाची सुरुवात करायला एकूण वीस चाली असतात. आठ प्यादी, प्रत्येकाला एक घर किंवा दोन घरं, झाल्या सोळा. दोन घोडे, प्रत्येकाला दोन जागा, झाल्या चार. म्हणून अड्यारच्या त्या वाचनालयाच्या व्हरांड्यात भरणाऱ्या तुमच्या सभेत विसाच्या वर सभासद कधीच होऊ शकत नाहीत. कारण प्रत्येक सभासदाची एक पहिली चाल असते, आणि ती त्याची एकट्याची. पांढरी मोहरी वाट्याला आली की त्यानं त्याच चालीनं सुरुवात करायची, जन्मभर. बदलायची झाली तर आयुष्यात एकदाच. दुसऱ्याची चाल खेळणं म्हणजे देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून घरी जाणं. काळी मोहरी मात्र कोणीही घ्यावीत, काय वाटेल ते खेळावं. आणि ज्यानं अजून आपली चाल निवडलेली नाही तो पाहुणा. पाहुण्याला पांढरं मिळत नाही.

कपाटाच्या दाराला आतून तो पुठ्ठा लावलेला आहे. वीस ओळी, प्रत्येक ओळीत एक चाल, पुढे खडूनं नाव. माणूस गेला तरी तेराव्यापर्यंत नाव तसंच राहतं. त्यानंतरच्या रविवारी सेक्रेटरी घरच्या माणसाला विचारतो, चाल घरात ठेवायची आहे का. घरच्यांनी नको म्हटलं तर मग इतरांना.

तुमची चाल उजवा घोडा. राजाच्या बाजूचा घोडा, आतल्या अंगाला. तो तुम्ही वरदन सरांकडून जिंकला होता. दोघं एकाच रविवारी सभेत आलात, दोघांनाही तोच घोडा पाहिजे होता, म्हणून एक डाव लावला गेला आणि तुम्ही जिंकलात. सरांचं म्हणणं पस्तीस वर्षं एकच. डाव बरोबरीचा होता, पण त्यांची बस येत होती म्हणून त्यांनी घाई केली. तुमचं म्हणणंही एकच. "बस तर माझीहि येत होती." मग सरांनी डावा घोडा घेतला आणि दर रविवारी, अगदी न चुकता, तो उचलताना म्हणत राहिले, "चुकीच्या बाजूचा."

मी या सगळ्यात आलो तो सासूबाई गेल्या त्या वर्षी. मीनाक्षीनं सांगितलं, "अप्पांना रविवारी एकटं जाऊ देऊ नका." म्हणून शोळिंगनल्लूरहून सकाळी साडेसहाची बस पकडून मी तुमच्याकडे. तिथून दोघं चालत सभेला. दहाला परत तुमच्या घरी, मागून मीनाक्षी डबा घेऊन यायची. हे काही दिवसांपुरतं ठरलं होतं. चौदा वर्षं झाली. वनवासाला तेवढीच लागतात, आणि त्या सगळ्या काळात, मामा, मी फक्त काळी मोहरी घेऊन खेळलो. कारण मी चाल निवडली नाही.

दर रविवारी कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी पोचलो की तुम्ही विचारायचात, "मग, मापिळ्ळै, ठरलें काय?"

मी म्हणायचो, "बघतो, मामा."

"सरि. बघा." एवढं बोलून तुम्ही पुढे.

मला आधी तुमचं ते मराठी ऐकून गंमत वाटायची. कऱ्हाडहून आलेला मी. तुम्ही बोलायला लागलात की एखादं जुनं पत्र उठून बसलंय आणि तमिळ हेल काढून चौकशी करतंय असं वाटायचं. जावयाला मापिळ्ळै, बरं म्हणायचं तर सरि, पुरे म्हणायचं तर पोदुम, आणि मधूनच एखादा असा शब्द जो माझ्या पणजीनं शेवटचा वापरला असेल. माझं मराठी तुम्हाला कसं वाटायचं ते मी एकदा विचारलं होतं. तुम्ही विचार करून म्हणालात, "वेगानें चालतें. कुठें जातें तें कळत नाहीं."

माझ्या न ठरण्याबद्दल सगळ्यांची आपापली मतं होती. मीनाक्षीचं मत असं, की मी हॉटेलात वीस मिनिटं कार्ड वाचून शेवटी साधा डोसा मागवणारा माणूस आहे, माझ्याकडून जास्त अपेक्षा करू नये. ऑफिसातल्या लोकांचंही फार वेगळं नाही. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या निर्णयांमध्ये खोट काढून पगार घेतो आहे, स्वतः निर्णय घेण्याचा प्रसंग कंपनीनं माझ्यावर आणलेला नाही. सेक्रेटरींनी तर पुठ्ठ्याच्या खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "पाहुणा, कायमचा."

तुमचं मत वेगळं होतं. तुम्हाला वाटायचं मला एखादी साजेशी चाल दाखवली की झालं. आणि तुम्ही मला एकच दाखवत राहिलात, डाव्या टोकाच्या हत्तीपुढचं प्यादं, एक घर. पुठ्ठ्यावर ती ओळ पहिल्यापासून रिकामी होती. कोण घेणार. काहीच होत नाही त्यानं. ना मधली घरं ताब्यात येत, ना उंटाला वाट होत. कोपऱ्यातलं प्यादं उठतं, एक पाऊल टाकतं आणि उभं राहतं.

"हीच तुम्हांस शोभते," तुम्ही म्हणालात.

मी जरा दुखावलोच. म्हटलं, "मामा, या चालीत काही नाही."

"नाहींच. समोरच्यास म्हणते, आधीं तुम्ही. घाई नसलेल्या माणसाची चाल आहे."

मी तिथल्या तिथे फोन काढला. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आता सगळ्यांच्या खिशात असतो. आपल्या शहरात तर गल्लोगल्ली क्लास आहेत, सहा वर्षांची मुलंही त्या प्रोग्रॅमशी भांडतात. मी तुम्हाला आकडे दाखवले. बघा, म्हटलं, तुमच्या घोड्याला यंत्र चांगले गुण देतं, वरदन सरांच्या घोड्याला त्याहून थोडे कमी, आणि हे तुमचं कोपऱ्यातलं प्यादं बघा कुठे आहे. तुम्ही चष्मा वर करून नीट पाहिलंत आणि फोन परत दिलात.

"यंत्रास आवड नसते, मापिळ्ळै. हरल्याचें दुःखच नाहीं त्याला, मग आवड कुठून यावी?"

हा वाद आपण किती रविवार घातला. मी म्हणायचो, पहिली चाल कुठलीही असो, चांगलं खेळणारा जिंकतोच, मग एकीलाच धरून बसायचं कशाला. तुम्ही म्हणायचात, जिंकायला काय लागतं ते निराळं, पण बसल्यावर हात कुठे जायचा ते माणसाला ठाऊक असावं. मी म्हणायचो, म्हणजे ही सवयच झाली. तुम्ही म्हणायचात, मग? सवय वाईट काय आहे? तुम्ही इकडे येतां ती कोणती चाल आहे? नेमकी तेवढ्यात कॉफी यायची. हा डाव अजून तसाच पडून आहे. खरं तर तुम्हीच वरचढ होतात, पण मी हार मान्य केलेली नाही, हे लक्षात असू द्या.

आता खरं सांगतो. तुम्ही असताना सांगता आलं नाही.

मला ठरवता येत नव्हतं असं नाही. माझं पहिल्या महिन्यातच ठरलं होतं. मला तुमचाच घोडा पाहिजे होता.

कारण काय म्हणाल तर तुमचा हात. तुम्ही घोडा सरळ उचलायचा नाहीत. आधी त्याला दोन बोटांनी किंचित मागे झुकवायचात, लगाम ओढल्यासारखं, आणि मग तो प्याद्यांच्या डोक्यावरून जायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मनात आलं, हे आपल्याला करायचंय. मग एकदा तुम्ही त्याचं कारणही सांगितलंत. वीसपैकी सोळा चाली प्याद्यांच्या, आणि प्यादं एकदा पुढे गेलं की ते मागे येत नाही. घोडा तेवढा परत येऊ शकतो. "आमचे लोक तीनशें वर्षांपूर्वी तंजावरास आले," तुम्ही म्हणालात, "सगळीं प्यादीं. कोणी परत गेलें नाहीं. निदान माझ्या घोड्यास तरी मोकळीक असूं दे." आणि हसलात. मी दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी या शहरात आलो त्याला बावीस वर्षं झाली. मला ते फार पटलं. घरी मी तुमच्या घोड्याची तालीम करायचो, हेही सांगून टाकतो. आरशासमोर नाही, पण त्याच्या जवळपास. मीनाक्षीला संशय येऊ नये म्हणून हातात मिठाची बुडकुली घ्यायचो.

पण मागणार कसा? तुमची ओळ रिकामी होणार ती कधी? तुम्ही गेल्यावर. म्हणजे दर रविवारी तुमच्या शेजारून चालायचं, तुम्हाला रस्ता ओलांडून द्यायचा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करायची, आणि मनात हे. सासऱ्याच्या घोड्यावर डोळा. मला माझीच लाज वाटायची. दुसरी चाल घ्यावी तर तीही जिवावर येई, कारण बदलायची ती एकच वेळ तुमच्या घोड्यासाठी राखून ठेवणं म्हणजेही तुमच्या जाण्याचीच वाट पाहणं. म्हणून मी "बघतो, मामा" म्हणत राहिलो. तुम्हाला वाटत राहिलं की जावयाचं काही ठरत नाही. चौदा वर्षं तुम्ही मला बावळट समजत राहिलात ते मी चालू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी मी एकटाच होतो तुमच्यापाशी. मीनाक्षी औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत, बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं काही तरी मोठं बोलणार. तुम्ही म्हणालात, "मग, ठरलें काय?"

मामा, माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "पुढच्या रविवारी नक्की सांगतो."

तुम्ही म्हणालात, "सरि." आणि डोळे मिटलेत. आपलं एवढंच झालं. पुढच्या रविवारी तुम्ही नव्हतात. तेव्हापासून ते "नक्की" माझ्या घशात आहे. एक साधं वाक्य बोलायचं होतं, आणि त्याच्यासाठी तारीख दिली मी. ऑफिसात देतो तशी.

तर काल तो रविवार आला.

मी ठरवून गेलो होतो. घोडा घ्यायचा. हक्काचा होता, आता लाजायला तुम्हीही नव्हतात. बसमध्ये मी दोन बोटांची ती हालचाल करून पाहिली. शेजारच्या बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

व्हरांड्यात वरदन सर माझ्याआधी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट. तुमच्या खुर्चीपुढे पट मांडून ठेवलेला, उजव्या हाताला पांढरं घर, पांढरी मोहरी माझ्या बाजूला. तुमचा घोडा तोंड समोर करून ठेवला होता. तुम्ही ठेवायचात तसाच. बाकी सगळे मोहरी कशीही ठेवतात, घोड्याचं तोंड सरळ समोर फक्त तुमचं असायचं. हे त्यांनी पस्तीस वर्षं समोरून पाहिलेलं.

सेक्रेटरींनी कपाट उघडलं, गळा साफ केला आणि विचारलं, "राजाच्या बाजूचा घोडा. चाल घरात ठेवायची आहे?"

मी तोंड उघडण्याआधीच सर बोलले. माझ्याशी ते सावकाश इंग्रजीत बोलतात, माझ्या तमिळवर त्यांचा विश्वास नाही; तमिळ शब्द एकच, धाकट्या भावाला म्हणतात तो तंबी. म्हणाले, "घ्या, तंबी. त्यालाही आवडलं असतं. मला माझ्या बाजूची सवय झालीय."

इतकं सरळ म्हणाले की माझी पंचाईत झाली. त्यांनी जरा कुरकुर केली असती, बसचं पुन्हा काढलं असतं, तर मी निर्लज्जपणे घोडा घेऊन मोकळा झालो असतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, घोड्याकडेही बघत नव्हते. बाहेर कोणी तरी सायकल लावत होतं तिकडे बघत होते. ते बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. चौदा वर्षं मी पुठ्ठ्याकडे बघायचं टाळत तसाच बाहेर बघत बसायचो.

आणि मी हिशेब केला. मी एक्कावन्न. ते एक्याऐंशी. मी घोडा घेतला, तर त्यांना तो मिळायचा कधी? मी गेल्यावर. म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं माझ्या मरणाची वाट पाहायची, आणि ती पाहताना लाजायचं. बरं, मी घोडा त्यांना दिला आणि स्वतः पाहुणाच राहिलो, तर पुन्हा मी कोणाच्या मरणाची वाट पाहणार? त्यांच्या. एक लाज संपली नाही तोवर दुसरी. मला एकदम या सगळ्याचाच कंटाळा आला, मामा. तुमच्या बाबतीत मी हे चौदा वर्षं केलं, तेवढं पुरे. पोदुम.

मी म्हटलं, "घोडा सरांना द्या."

सेक्रेटरी म्हणाले, "सरांना बदलायचं असेल तर त्यांची एक वेळ शिल्लक आहे. पण तुम्ही?"

"मला हत्तीपुढचं प्यादं," मी म्हणालो. "डावीकडचं. एक घर."

सेक्रेटरींनी खडू उचलला, पुन्हा ठेवला. "नक्की?"

"नक्की," म्हणालो मी. तो शब्द एकदाचा बाहेर पडला, उशिरा का होईना.

त्यांनी तुमचं नाव पुसलं. मी ते पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. मग सरांचं नाव तुमच्या ओळीत आलं, माझं सगळ्यात वरच्या ओळीत, आणि खालचं ते पेन्सिलीचं त्यांनी रबरानं खोडलं. तुमचं नाव पुसताना डोळ्यांत पाणी आलं होतं, "पाहुणा, कायमचा" खोडताना हसायला आलं. दोन्ही एकाच मिनिटात झालं, त्यामुळे माझा चेहरा नेमका कसा दिसत असेल कोण जाणे. कोणीही त्याबद्दल काही बोललं नाही. सभ्य माणसं आहेत.

सरांनी पांढरं घेतलं. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. तुमचा घोडा त्यांनी सरळ उचलला, न झुकवता, गरम टंबलर कडेला धरून ठेवावा तसा, आणि जागेवर नेऊन ठेवला. मग खुर्चीला टेकून बसले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. पस्तीस वर्षांची इच्छा पुरी झालेला माणूस काय बोलतो ते ऐकायचं होतं.

त्यांनी घोड्याचं तोंड नीट समोर केलं. मग म्हणाले, "फार काही फरक वाटत नाही."

तुम्ही हवे होतात मामा. तुमच्याशिवाय ते वाक्य सांगायचं तरी कोणाला?

दुसऱ्या डावाला पांढरं माझ्याकडे आलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे केलं आणि हात मांडीवर ठेवला. समोर सर. त्यांनी ती चाल पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी तुमच्यासारखं म्हणाले, "सरि." पुढे मला काय करायचं ते काहीच सुचेना. काळं घेऊन मला समोरच्याला उत्तरं द्यायची सवय, इथे प्रश्न माझ्याकडेच. वजीर गेला, मग हत्ती गेला, शेवटी राजा कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथे त्याला माझंच ते प्यादं आडवं आलं. दणकून हरलो. पण एक सांगतो. पहिली चाल केल्यावर जे एक क्षणभर वाटलं ना, की आपलं झालं, आता तुमची पाळी, बसा निवांत, ते मला आवडलं. तुम्ही चुकत नव्हतात. हे मी तुम्हाला तोंडावर कधीच म्हटलं नसतं, म्हणून आता लिहून देतो.

सभेहून मी नेहमीच्या सवयीनं तुमच्या घराच्या वळणावर वळलो, फुलवालीपाशी थांबलो, आणि मग बसस्टॉपवर गेलो.

घरी मीनाक्षी आंबट भाजीला फोडणी देत होती. तिला सगळं सांगितलं. घोडा दिला ते, प्यादं घेतलं ते, सर काय म्हणाले ते. मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. की मला तो घोडा पहिल्यापासून पाहिजे होता. की मी मागू शकलो नाही, कारण ते मागणं म्हणजे तुमचं मरण मागणं झालं असतं. की हॉस्पिटलातसुद्धा मी पुढच्या रविवारचा वायदा केला, आणि तुम्ही मला धड काही न ठरवता येणारा माणूस समजून गेलात.

तिनं गॅस बारीक केला.

"अप्पांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही मिठाची बुडकुली नाचवता ते मीच त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, बदलायची माझी एक वेळ शिल्लक आहे, मागितला तर त्याच रविवारीं उतरेन, दुसरी चाल घेईन."

म्हटलं, "मग तू सांगायचंस ना मला."

"नको म्हणाले. म्हणाले, घोडा मिळाला कीं ते खेळायला येतील. मिळत नाहीं तोंवर माझ्याकडे येतात." तिनं पदरानं डोळे टिपले, ते फोडणीचं होतं की कसलं ते मी विचारलं नाही. मग ताट घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता पान वाढू, की तेही मनातच ठेवणार आहात?"